दार उघडं ठेवणारी बाई

आजचं वाचन : योहान २०:१९-२९



आजचा शास्त्रभाग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पुनरुत्थानाच्या दिवसाची संध्याकाळ. सकाळीच मग्दालीया मरीया येऊन सांगून गेली आहे की तिने प्रभूला पाहिलं. पेत्र आणि दुसरा शिष्य रिकामी कबर स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले आहेत. म्हणजे आनंदाची बातमी घरात पोहोचलेली आहे. आणि तरी संध्याकाळी हे सगळे आतून दारं लावून बसले आहेत, कारण बाहेरच्यांची भीती वाटते.

प्रभू त्या बंद दाराआड येतो आणि त्यांच्या मध्ये उभा राहतो. रागावत नाही. शांती देतो, हाताच्या आणि कुशीच्या जखमा दाखवतो आणि त्यांना जगात पाठवतो. इथवर आपण बरेच संदेश ऐकलेले असतात. पण २६ वं वचन जरा सावकाश वाचा. आठ दिवस झालेत. शिष्य पुन्हा घरात आहेत आणि दारं पुन्हा बंदच आहेत! जिवंत प्रभूला पाहूनसुद्धा आठवडाभरात कडी निघालेली नाही.

मला हे वचन फार दिलासा देतं. विश्वास आला की भीती आपोआप जाते, असं आपल्याला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. मग भीती वाटली की आपण आपल्या विश्वासावरच शंका घेतो. ऑफिसमध्ये रविवारी सकाळी रिलीज ठेवलाय. चर्च आहे असं सरळ सांगायचं की घरी काम आहे म्हणायचं? भाड्याने फ्लॅट बघायला गेल्यावर घरमालक आडनावावरून चौकशी करतो, तेव्हा पोटात गोळा येतो. घरात आपण एकटेच विश्वासात असू, तर आईबाबांसमोर बायबल उघडायचं की मोबाईलवर गुपचूप वाचायचं? मी आयटीत आहे, तिशी ओलांडलेली आहे, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक तरुण विश्वासणाऱ्यांची भीती ही अशीच आहे. कुणी जीव घ्यायला आलेलं नसतं. फक्त आपली माणसं दुरावतील, चांगलं मत जाईल, एकटं पडू, एवढंच. पण एवढंही काही कमी नसतं.

म्हणून आज मला पंडिता रमाबाईंबद्दल लिहायचंय. नाव तुम्ही ऐकलेलं असेल. भारत सरकारने १९८९ साली त्यांचं टपाल तिकीट काढलं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने गेलात तर वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तिथलं मुक्ती मिशन त्यांचंच. आपण त्यांना निर्भय, धाडसी वगैरे म्हणतो आणि पुढे जातो. पण त्यांचं आयुष्य जवळून पाहिलं तर आधी दिसते ती एक पुन्हा पुन्हा घाबरलेली, पुन्हा पुन्हा एकटी पडलेली मुलगी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी पुढे रमेला शिकवलं. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने रानातलं घर सोडलं. त्यानंतर घर असं नाहीच. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं, देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण वाचायचं, लोक देतील त्यावर राहायचं. रमेला भागवताचे हजारो श्लोक पाठ होते.

मग १८७४ ते १८७७ चा तो भयंकर दुष्काळ आला. होतं ते सगळं दानधर्मात आणि नवससायासात गेलं होतं. अंगमेहनतीचं काम कधी शिकलेलं नाही, भीक मागायची लाज. रानातला पाला खाण्याची वेळ आली. वडील म्हातारे झाले होते, दृष्टी गेली होती. शेवटी त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. भाऊ श्रीनिवास म्हणाला की आपण जातीचा अभिमान सोडून मजुरी करू, आणि तो विचार मागे पडला. पण वडील त्या उपासमारीतून वाचले नाहीत. पाठोपाठ आई गेली. आईच्या शेवटच्या आजारात रमा एका घरी बाजरीची भाकरी मागायला गेली. लाजेने तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण ती खायची ताकदच आईत उरली नव्हती. आईला न्यायला माणसं मिळेनात. जेमतेम दोन जण आले. तेव्हा खांदा द्यायला रमेलाच पुढे व्हावं लागलं. उंची कमी पडत होती म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. मग थोरली बहीणही गेली.

उरली बहीणभावंडं दोघं. ती हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात निजायचं आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. ही पुढे जगभर गाजलेली विदुषी! भूक, थंडी आणि मरण तिने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आणि ज्या देवांना लहानपणापासून आळवलं ते का धावून आले नाहीत, हा प्रश्न घेऊनच ती पुढे चालत राहिली.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच त्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या सभेला बोलावणं आलं. मंडळी प्रार्थनेसाठी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसली, तेव्हा या दोघांना वाटलं की हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्या उपासना बाहेरून बघणाऱ्याला कशा दिसत असतील, हे कधीतरी आठवावं.

१८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, त्यामुळे दोन्हीकडच्या समाजाने पाठ फिरवली. आसामकडच्या सिल्चरला संसार थाटला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. रमाबाई २३ वर्षांच्या, मुलगी अजून वर्षाचीही नाही, आणि वर वैधव्य. त्या काळात ब्राह्मण विधवेच्या वाट्याला काय यायचं ते वेगळं सांगायला नको.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशा सुधारक मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगासमोर साक्ष दिली आणि बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून मांडलं. पुढे स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली छोट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटेज गावी सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या उतरल्या.

या भगिनी त्यांना एकदा लंडनजवळ फुलम इथे घेऊन गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या बायकांची तिथे प्रेमाने सेवा चालत होती. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. या बायकांची कुणाला का पर्वा असावी, हा त्यांचा प्रश्न. उत्तर म्हणून भगिनींनी त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवरच्या त्या बाईशी येशू कसा बोलला, हे ऐकून रमाबाईंच्या लक्षात आलं की भारतातल्या पिचलेल्या बायकांना उचलणारा कुणी असेल तर तो हाच.

पण त्याच काळात एक भयंकर घटना घडली. परक्या देशात आनंदीबाईंचं मन बिघडलं, आपल्याला बळजबरीने बाटवतील अशी भीती त्यांच्या मनात बसली आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. रमाबाईंना याचा जबरदस्त धक्का बसला. पुढे त्या ऑक्सफर्डला संस्कृतचे विख्यात अभ्यासक मॅक्स म्युलर यांच्याकडे पाहुण्या गेल्या, तेव्हा त्यांना रात्री खोलीत एकटीला झोपवत नव्हतं. सोबतीला एका मोलकरणीला खोलीत झोपवावं लागे. शिवाय कान अधू होत चालले होते, त्यामुळे डॉक्टर व्हायचं स्वप्नही तिथेच संपलं.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तारखा लावून पाहा. हा निर्णय घेणारी बाई भीती जिंकून बसलेली नव्हती. मैत्रिणीच्या मरणाने हादरलेली, रात्रीच्या अंधाराला भिणारी, परदेशात एकटी आई होती ती. आणि मायदेशी काय होईल हे तिला पुरेपूर माहीत होतं. झालंही तसंच. ज्या पुण्याने डोक्यावर घेतलं होतं, त्याच पुण्यातून संताप आणि टीका सुरू झाली. जोतीराव फुल्यांसारख्या मोजक्यांनी त्यांची बाजू घेतली.

तिकडे इंग्लंडमध्येही सगळं सोपं नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून त्या कुठलीच गोष्ट मानत नव्हत्या. त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर त्यांनी भगिनींशी वाद घातला. शाकाहार सोडला नाही, भारतीय पेहराव सोडला नाही. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं, विधवा मुलींसाठी शाळा आणि घर. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं.

सदनाचा नियम स्पष्ट होता. इथे धर्म शिकवला जाणार नाही. मुलींनी आपापलं सोवळंओवळं, पूजाअर्चा, जेवणाचे नियम पाळावेत. सल्लागार मंडळावर रानडे आणि भांडारकर होते, त्यांच्या शब्दावर लोकांनी आपल्या मुली पाठवल्या.

आता त्या गोष्टीकडे येऊया, जिच्यासाठी मी आजचा शास्त्रभाग निवडला. बाप्तिस्म्याला आठएक वर्षं झाली तेव्हा रमाबाईंच्या आतल्या जीवनात एक बदल झाला. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळाला नव्हता, असं त्यांच्या ध्यानात आलं. आठ वर्षं! त्यानंतर बायबल वाचणं आणि प्रार्थना हा त्यांचा रोजचा श्वास झाला. सकाळी त्या आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थनेला बसायच्या, आणि खोलीचं दार उघडं असायचं.

बस, एवढंच. सदनातल्या मुली दिवसभर त्यांच्या खोलीत येत-जात असत. त्या त्यांच्या आईसारख्याच होत्या. प्रार्थनेच्या वेळीही दार लावलं जात नसे. कुणाला बोलावलं नाही, कुणाला हाकललंही नाही. काही मुली येऊन बसू लागल्या. ही बातमी पुण्यात पसरली. केसरीने टीकेची झोड उठवली. पालक अस्वस्थ झाले. सल्लागारांचं म्हणणं पडलं की हे तटस्थतेच्या वचनात बसत नाही.

इथे घाईने कुणाला खलनायक करू नये. रानडे आणि भांडारकर स्त्रीशिक्षणासाठी झिजलेली माणसं होती. लोकांना त्यांनी शब्द दिला होता. पालकांची भीतीही खरी होती. रमाबाईंसमोरचा मार्ग मात्र अगदी सोपा दिसत होता. सकाळी तासभर दार लावून घ्यायचं. प्रार्थना बंद करायची नव्हती, विश्वास सोडायचा नव्हता. नुसती कडी लावली की मान राहणार, मित्र राहणार, शाळा राहणार.

रमाबाईंनी कडी लावली नाही. त्यांचं म्हणणं असं की मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक आहे, तशी मलाही माझ्या घरात आहे. मी कुणावर काही लादत नाही, पण मुलींपासून माझा प्रभू लपवणारही नाही. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि ते जाहीर केलं. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

या मुली कुठे गेल्या असतील? ज्या घरातून सुटून आल्या होत्या, तिथेच. मी इथे दर वेळी अडखळते. आपल्या धैर्याची किंमत आपण एकट्याने मोजायची असेल तर गोष्ट वेगळी. इथे किंमत त्या मुलींनीही मोजली. रमाबाईंनी त्यांच्यासाठी दार लावून घ्यायला हवं होतं का? मला वाटतं, त्यांच्यापुढेही हा प्रश्न रात्रंदिवस उभा असणार. पण ज्या मुलींना त्या भीतीतून बाहेर काढायला निघाल्या होत्या, त्यांनाच रोज सकाळी बंद दार दाखवून काय शिकवलं असतं? की माणसांच्या भीतीने आपल्याला सर्वात प्रिय असलेली गोष्ट झाकून ठेवायची असते. त्या मुलींना हे तर आधीपासूनच शिकवलेलं होतं. मुली आपल्या नाहीत, देवाच्या आहेत, हे मान्य केल्याशिवाय त्या दिवसांत रमाबाईंना उभंच राहता आलं नसतं.

सदन बंद पडलं नाही. आणि तीन-चार वर्षांतच असं काही समोर आलं की एका खोलीचं दार फार छोटं वाटावं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचा आपला पाला, आपली भाकरी, आपली आई आठवली. हातात पैसा नव्हता. अमेरिकेतून येणारी मदत सदनापुरती होती. त्या तरी निघाल्या. हाडाचे सापळे झालेल्या मुली आणि विधवा, काही तर माणसांच्या दलालांच्या हाती पडायच्या बेतात असलेल्या, अशा तीनशेच्या आसपास जणींना त्यांनी हळूहळू आणलं. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात एवढी माणसं ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावला घेतलेल्या सुमारे शंभर एकर शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती झाली, माग चालू लागले, छापखाना निघाला. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवू लागली. घराबाहेर टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन उघडलं. फुलमला जे पाहिलं होतं ते आता केडगावला होत होतं.

आणखी एक. प्लेगच्या काळात सरकारी इस्पितळातल्या व्यवस्थेत आपल्या एका मुलीचं काय झालं ते पाहून रमाबाईंनी सरकारवर जाहीर टीका केली. राज्यकर्ते ख्रिस्ती, मदत करणारे परदेशी ख्रिस्ती. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. सरकारची नाराजी ओढवली. माणसांच्या भीतीने दार लावायचं नाही, हे पुण्यातल्या मित्रांसमोर जसं तसंच गव्हर्नरसमोरही.

आयुष्याची शेवटची जवळजवळ अठरा वर्षं त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि भाषा मुद्दाम साधी ठेवली, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावी म्हणून. खिळे जुळवायचं, छापायचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. कान जवळजवळ गेलेले. मुक्तीची धुरा मनोरमा सांभाळेल असं सगळ्यांनी धरलेलं. आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिसाव्या वर्षी. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती मुलगी. रमाबाई पुन्हा भाषांतराच्या कामाला बसल्या. ते पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं ते त्यांच्यानंतर.

प्रियांनो, आता पुन्हा योहान २० कडे वळूया. प्रभूने बंद दाराआड येऊन शिष्यांना काय दाखवलं? जखमा. पुनरुत्थान झालेल्या शरीरावरही त्या होत्या आणि त्यांच्यावरूनच शिष्यांनी त्याला ओळखलं. रमाबाईंची जखम म्हणजे तो दुष्काळ. ती बुजून गेली असती तर त्या मध्य प्रांतात गेल्या असत्या का? ज्या भुकेने त्यांना सर्वात जास्त घाबरवलं होतं, तिच्याच वाटेने प्रभू त्यांना दोन हजार मुलींपर्यंत घेऊन गेला. आपल्या दुःखाचं नेमकं काय होणार हे आपल्याला त्या वेळी कळत नाही. रमेलाही वाळूच्या खड्ड्यात झोपताना कळलं नव्हतं.

दुसरं, त्यांना धैर्य एकदम एकगठ्ठा मिळालेलं नाही. वाँटेजला बाप्तिस्म्यापुरतं मिळालं. पुण्यात दार उघडं ठेवण्यापुरतं. केडगावला दुसऱ्या दिवशीच्या धान्यापुरतं. मनोरमेनंतर पुढच्या पानापुरतं. आपण मात्र आधीच विचारतो की उद्या छळ झाला तर मी टिकेन का? त्याचं उत्तर आज तुमच्याकडे नसेल तर घाबरू नका. तुम्हाला आजच्यापुरतं धैर्य मागायचं आहे.

आणि तिसरं, उघडं दार म्हणजे आरडाओरडा नाही. रमाबाई मुलींना ओढून आणत नव्हत्या. ऑफिसात वाद घालणं, ग्रुपवर रोज दहा वचनं फॉरवर्ड करणं, यालाच साक्ष समजू नका. तुम्ही जे आहात ते लपवू नका, एवढंच. सोमवारी कुणी वीकेंड कसा गेला विचारलं तर चर्चला गेले होते असं सहज सांगा. डबा उघडल्यावर दोन क्षण डोळे मिटून आभार माना. घरात एकटे विश्वासात असाल तर आईबाबांचा मान राखून, आवाज न चढवता, बायबल टेबलावर राहू द्या. आणि जे विचारतील त्यांना आत येऊ द्या.

तुमची दारं अजून बंद असतील तरी लाज वाटून घेऊ नका. आठ दिवसांनंतरही शिष्यांची होती, आणि प्रभू तरीही आला. तो कडी निघायची वाट बघत बाहेर थांबला नाही.

आज थोडा वेळ काढून विचार करूया :
१. माझ्या आयुष्यात कोणतं दार मी माणसांच्या भीतीने लावून घेतलंय?
२. माझ्या कोणत्या जखमेमुळे मला दुसऱ्याचं दुःख लवकर ओळखता येतं?
३. या आठवड्यात, फक्त आजच्यापुरतं, कोणत्या एका गोष्टीत मी उघडपणे तुझा/तुझी आहे असं प्रभूला म्हणू शकतो/शकते?

प्रार्थना करूया.
प्रभू येशू, आम्ही घाबरतो हे तुला माहीत आहे. तू आमच्यावर रागावत नाहीस, आमच्या बंद दाराआड येतोस, याबद्दल तुझे आभार. रमाबाईंना जसं एकेका दिवसापुरतं बळ दिलंस तसं आम्हाला दे. ज्यांना आमच्या विश्वासाची भीती वाटते त्यांच्याशी प्रेमाने वागायला शिकव. आमच्या निर्णयांची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांना तू सांभाळ. आणि आज आमच्या दाराशी कुणी येईल, तेव्हा त्याला आत तू दिसू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.